कुठल्या तारखेचा अंक?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी एक गोष्ट सांगितली. व्हाइटफील्डमधल्या सोसायटीचा गणपती म्हणजे आरती मराठीत, त्यानंतरचं भजन कन्नडमध्ये आणि मोदकांबद्दलची तक्रार ज्याला जी भाषा येईल तिच्यात. गोष्ट मी तिन्ही भाषांची खिचडी करून सांगितली. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, शिवकर बापूजी तळपदे नावाच्या मुंबईकर गृहस्थांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. विमानाचं नाव ‘मरुत्सखा’. आत माणूस नव्हता. ते दीड हजार फूट वर गेलं आणि मग खाली कोसळलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला जातीने हजर होते. ‘केसरी’त बातमीही छापून आली होती.

ही गोष्ट मला वडिलांनी सांगितली होती, त्याच चौपाटीच्या वाळूत बसून, भेळेचा कागद हातात असताना. विमान कुठून उडालं ती जागासुद्धा त्यांनी बोटाने दाखवली होती.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या खुर्चीवर आमचे शेजारी बसले होते. विमानांच्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले, मितभाषी कन्नड गृहस्थ. ते नंतर जवळ आले आणि म्हणाले, “गोष्ट छान आहे. ‘केसरी’चा तो अंक कुठल्या तारखेचा?”

स्वरात खोच नव्हती. त्यांना खरंच वाचायचा होता. मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो होतो आणि हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्यानंतरचं वर्षभर मी जे वाचलं त्याला या प्रश्नाने वळण लावलं. व्हाइटफील्ड हे मेट्रोच्या जांभळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते आणि शहरात पोचेपर्यंत पंचवीस-तीस पानं होतात. पिशवीत आळीपाळीने तीन जातींची पुस्तकं असायची: इतिहासाची, अद्भुताची आणि ज्यांना दुकानदार ‘न उलगडलेली रहस्यं’च्या फळीवर मांडतात ती. या तिन्हींबद्दलची माझी मतं या वर्षात बदलली. ती अशी.

सुरुवात इतिहासापासून. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने एकदा तरी वाचावं असं पुस्तक म्हणजे जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली तो संपादून छापला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे व्यंकोजीराजांच्या काळात, १६८७ च्या सुमारास, तीन लाख रुपयांत ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांकडे गेलं. मधल्या या पन्नासएक वर्षांत इथे एक मराठी दरबार भरत होता, आणि जयराम त्या दरबारात आलेला कवी.

त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले, म्हणजे मला बारा भाषांत कविता करता येते, अशी त्याच्या आगमनाची कथा काव्यातच आहे. काव्यात आधी राधाकृष्ण, मग शहाजीराजे आणि शेवटी निरनिराळ्या भाषांतली कवनं. आमच्या सोसायटीच्या गणपतीला हा दरबार अजिबात परका वाटला नसता.

आता, चंपू म्हणजे राजाची स्तुती. कवी राजाला देवांच्या पंक्तीला बसवणार, शत्रूंच्या स्त्रियांना रडवणार, हत्तींची संख्या वाढवणार. असल्या मजकुरातून इतिहास कसा काढायचा? राजवाड्यांची रीत पाहण्यासारखी आहे. कवी राजाला इंद्र म्हणतो तिथे ते थांबत नाहीत. दरबारात कोण कोण बसलं होतं, कुठल्या भाषांचे कवी होते, समस्यापूर्ती कोणी घातली, हे जिथे कवी बोलता बोलता सांगून जातो तिथे ते थांबतात. माणूस फुशारकी मारत असताना त्याच्या तोंडून जे सहज निसटतं, त्यावर त्यांचा डोळा असतो.

राजवाडे निर्दोष आहेत असं मुळीच नाही. त्यांची लांबलचक प्रस्तावना काव्याला मागे टाकून मराठ्यांच्या क्षत्रियत्वापर्यंत आणि तिथून कुठल्या कुठे जाते. काही निष्कर्ष तर पुराव्याच्या पुढे धावतात. वाचताना दोन-तीनदा मी पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्हं काढली. पण ती काढता आली, कारण मूळ मजकूर राजवाड्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला होता. त्यांच्याशी भांडायचं साहित्य त्यांनीच पुरवलं आहे. इतिहासाचं पुस्तक वाचताना मी आता आधी हे पाहतो: लेखक मला भांडायला जागा ठेवतो का?

अद्भुताच्या पुस्तकांशी असं भांडावं लागत नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ मी लहानपणी पांघरुणात शिरून वाचली होती. कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस अंथरुणावरून तसल्या अचाट गोष्टी लिहितो, हे कळायला मी मोठा व्हावा लागलो. या वर्षी पुन्हा वाचली ती जी. ए. कुलकर्णींची ‘रमलखुणा’. जी. ए. धारवाडला राहून लिहीत, म्हणजे तेही एका अर्थी आमच्यासारखेच, कानडी मुलखातले मराठी. त्यातल्या ‘इस्किलार’मधले देश कुठल्याच नकाशावर नाहीत. तिथली माणसं कुठल्या शतकातली ते कोणी सांगत नाही. तरी वाचून झाल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो आणि माझं उतरायचं स्टेशन मागे गेलं.

जी. एं.नी या प्रदेशाचा ताम्रपट सापडल्याचा दावा केला असता तर? तर मी ताम्रपट शोधत बसलो असतो आणि कथा हातची गेली असती. अद्भुत लिहिणाऱ्याचा वाचकाशी करार सरळ असतो: हे घडलेलं नाही, तरी ऐक. तेवढ्या एका कबुलीच्या बदल्यात आपण त्याच्या हाती सगळं देतो.

तिसऱ्या फळीवरच्या पुस्तकांचं दुखणं नेमकं इथे आहे. एरिक फॉन डॅनिकेनचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९६८ चं. परग्रहावरच्या पाहुण्यांनी आपल्या पूर्वजांना शहाणं केलं ही त्याची कल्पना मराठीतही पुस्तकांतून आणि दिवाळी अंकांतून घरोघर पोचली. मीही एकेकाळी ती अधाशासारखी वाचली. आता वाचताना लक्षात येतं की ही पुस्तकं प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या पानावर पळतात. एवढा डोंगर कोणी पोखरला असेल? एवढा दगड कुठे गेला असेल? प्रश्नचिन्हांची रांग लावायची आणि तिलाच पुरावा म्हणायचं.

त्यांचं आवडतं उदाहरण आपल्याच वेरूळचं कैलास लेणं. एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं देऊळ माणसाला शक्यच नाही, म्हणून ते परग्रहवासीयांच्या यंत्राचं. ही पुस्तकं एक गोष्ट सांगत नाहीत, ती अशी. वडोदऱ्याला सापडलेला राष्ट्रकूट कर्कराजाचा सुमारे इ. स. ८१२ चा एक ताम्रपट आहे. त्यात कृष्णराजाने बांधवलेल्या एलापूरच्या देवळाचं वर्णन येतं. आकाशातून विमानांत बसून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पी स्वतःच, हे माझ्या हातून झालं तरी कसं, म्हणून चकित होतो, असा त्याचा आशय.

बाराशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात विमानही आहे आणि इतिहासही. इतिहासकाराने त्यातून राजाचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, देवळाचा काळ ठरवला आणि देवांची विमानं कवीला परत केली. रहस्यवाल्याने विमानं तेवढी उचलली असती आणि राजाला परत पाठवलं असतं.

याच लेण्याची एक जुनी मराठी कथा ‘कथाकल्पतरू’त आहे. माणिकावती राणीचा नवस असतो की देवळाचं शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही. कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस पुढे येतो आणि आधी शिखरच कोरायला घेतो, म्हणजे राणीचा उपास लवकर सुटेल. ही कथा घडलेली नसेलही. पण ती रचणाऱ्याने लेणं नीट पाहिलं होतं. काम वरून खाली झालं आहे हे त्याला दिसलं होतं, आणि त्याचं कारण त्याने आकाशात न शोधता एका उपाशी बाईपाशी आणि एका हुशार पाथरवटापाशी शोधलं. मला या दंतकथेत डॅनिकेनपेक्षा जास्त पुरातत्त्व दिसतं.

आता तळपद्यांकडे.

शेजाऱ्यांनी त्या गणपतीनंतर आठवड्याभराने मला एक झेरॉक्स आणून दिली. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांचा १९७४ सालचा निबंध. विषय: ‘वैमानिक शास्त्र’. तळपद्यांच्या गोष्टीत हा ग्रंथ हटकून येतो. भरद्वाज ऋषींनी लिहिलेल्या या ग्रंथावरून तळपद्यांनी विमान बांधलं, असं सांगतात.

ग्रंथाची जन्मकथा आमच्या परिसरातलीच निघाली. पंडित सुब्बराय शास्त्री हे होसूरकडच्या भागात जन्मले. आजारपण आणि दारिद्र्य सोसून वणवण करताना कोलारच्या बाजूला त्यांना एका गुहेत गुरू भेटले, आणि पुढे ते आनेकलला स्थिरावले. भरद्वाजांचं ज्ञान आपल्याला स्फुरतं अशी त्यांची श्रद्धा होती. त्या स्फुरणात त्यांनी हा ग्रंथ १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने तो उतरून घेतला. विमानांची चित्रं १९२३ च्या सुमारास एल्लप्पा नावाच्या आरेखकाने बंगळूरमध्ये काढली. इंग्रजी भाषांतरासह तो म्हैसूरहून १९७३ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी हा निबंध आला.

१९१८! हा आकडा पाहून मी क्षणभर थांबलो. ग्रंथ उतरून घ्यायला सुरुवात झाली तेव्हा तळपदे हयातही नव्हते. ज्या पुस्तकावरून विमान १८९५ साली उडालं म्हणतात, ते पुस्तक लिहून झालं १९२३ साली. यावर कोणी म्हणेल की ज्ञान आधीपासून होतं, कागदावर नंतर आलं. पण मग त्याला पुरावा ग्रंथाचा राहत नाही, उरतो तो फक्त विश्वास.

मला निबंधात सगळ्यात भावली ती त्याची तऱ्हा. पाचही जणांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. त्यांनी तो वाचला. भाषा तपासली: संस्कृत अर्वाचीन वळणाचं, छंद साधा अनुष्टुप, वैदिक भाषेच्या खुणा नाहीत. मग शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही चारही विमानं त्यांनी मापं घेऊन, वजनं धरून, हवेच्या नियमांवर घासून पाहिली. रुक्म विमानात त्यातल्या त्यात काही अर्थ लागतो हेही त्यांनी नोंदवलं. निष्कर्ष मात्र स्वच्छ: यातलं एकही उडणार नाही, आणि मजकूर विसाव्या शतकाच्या मागे फारसा जात नाही. शास्त्रीबुवांच्या प्रामाणिकपणावर त्यांनी शिंतोडे उडवले नाहीत. त्यांच्या दत्तक पुत्राला भेटून त्यांनी माहिती घेतली, आणि त्या माहितीत मुंबईचे तळपदेही येतात. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विमानाच्या प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्यातली एकही उडाली नाही.

या ओळीपाशी मी बराच वेळ होतो. गोष्टीच्या इतक्या जवळच्या माणसाने सांगितलेलं हे एवढंच: प्रयत्न केला, उडालं नाही.

खरं सांगायचं तर आधी मला वडिलांचा राग आला, मग शेजाऱ्यांचा, आणि शेवटी स्वतःचा. रागाच्या भरात मी उलट बाजूने वाचायला लागलो. १८९० च्या दशकात जगभर माणसं हेच करत होती. इंग्लंडात हायरम मॅक्झिमचं वाफेचं अवजड यंत्र १८९४ मध्ये रुळांवरून जेमतेम उचललं गेलं आणि मोडलं. जर्मनीत ओटो लिलिएंटाल शेकडो वेळा पंख बांधून टेकडीवरून तरंगला आणि १८९६ मध्ये पडून मेला. त्याच वर्षी अमेरिकेत लँग्लीचं बिनमाणसाचं यंत्र पोटोमॅक नदीवर पाऊण मैलाच्या आसपास उडालं. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण अवघं बारा सेकंदांचं, १२० फुटांचं. दीड हजार फुटांपुढे हा आकडा किती केविलवाणा! पण त्या बारा सेकंदांचं छायाचित्र आहे, घरी केलेली तार आहे, रोजनिशी आहे, आणि पाहणाऱ्या पाच जणांची नावं आहेत. आधीच्या सगळ्या अपयशांच्या वह्याही आहेत.

तळपद्यांची ती वही आपण हरवली. त्यांनी साहित्य कुठून आणलं, पैसे कोणी दिले, बांबू वापरला की आणखी काही, कितव्या प्रयत्नाला काय मोडलं, यातलं काही विचारायची आपल्याला गरजच वाटली नाही. कारण ‘उडालं’ या एका शब्दात आपलं समाधान झालं होतं. आणि गोष्ट जसजशी मोठी झाली, तसतसा माणूस लहान होत गेला. आधी रानडे आणि सयाजीराव आले, मग पाऱ्याचं इंजिन आलं, मग ऋषी आले. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपद्यांवर हिंदी चित्रपट लागला. त्यावर झालेल्या भांडणात दोन्ही बाजूंना तळपदे नको होते. एका बाजूला ऋषी जिंकायला हवे होते आणि दुसऱ्या बाजूला ऋषी हरायला. गिरगावातला संस्कृत वाचणारा, हाताने काहीतरी जुळवणारा, बहुधा लोकांचं हसू सोसणारा एक माणूस मध्येच चिरडला गेला.

गंमत अशी की मराठी मुलूख, बंगळूर आणि विमान यांना जोडणारी एक खरी गोष्ट माझ्या घरापासून काही मैलांवर आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने १९४० च्या डिसेंबरात इथे हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना उभा केला, आणि १९४१ मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं शिकाऊ विमान उडालं. आजही दुपारी त्या धावपट्टीवरून उठलेलं विमान व्हाइटफील्डच्या छपरांवरून गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. ही गोष्ट मला वडिलांनी सांगितली नव्हती. मीही गणपतीत सांगितली नव्हती. तिच्यात करार आहेत, यंत्रसामग्री आहे, अमेरिकन भागीदार आहे, सरकारी ताबा आहे. ऋषी नाहीत. म्हणून ती सांगायला कठीण.

त्या कारखान्याकडे जाताना वाटेत मारतहळ्ळी लागतं. या नावाच्या दोन व्युत्पत्ती रिक्षावाले सांगतात. एक, ही मराठ्यांची हळ्ळी. दुसरी, इथे ‘मरुत’ विमान पडलं म्हणून हे नाव. मरुत पहिल्यांदा उडालं १९६१ मध्ये, आणि गावं इतक्या उशिरा बारशाला बसत नाहीत, म्हणून दुसरी व्युत्पत्ती मी लगेच हसून उडवली. पहिली मात्र मनात जपून ठेवली होती. का? तर ती माझ्या कामाची होती! तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. आता विचारतो. ज्या गोष्टीने आपली छाती फुगते तिला दोन प्रश्न जास्त विचारावेत, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

यंदाच्या गणपतीत मुलांनी पुन्हा विमानाची गोष्ट मागितली. मी सांगितली. तळपदे नावाचे एक गृहस्थ होते. पक्ष्यासारखं उडावं असं जगात खूप जणांना वाटत होतं त्या काळात त्यांनाही वाटलं. त्यांनी जुने ग्रंथ वाचले, यंत्र जुळवलं, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ते दीड हजार फूट उडालं असं पुष्कळ लोक सांगतात. ते उडालं असं सांगणारा त्या काळचा कागद मात्र कोणी दाखवत नाही. मग मी वालचंदांचा कारखाना सांगितला आणि वर बोट केलं.

टाळ्या जरा कमी पडल्या. शेजारी मागे बसले होते, त्यांनी मान हलवली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “पण उडालं नाही, त्या दिवशी रात्री घरी जाऊन ते काय म्हणाले असतील?”

याचं उत्तर कुठल्याही दफ्तरात मिळायचं नाही. रहस्यांच्या फळीवर तर नाहीच नाही. ते कोणीतरी कादंबरी लिहून द्यायला हवं, पहिल्याच पानावर कबुली देऊन की हे घडलेलं नाही. मी तिला म्हटलं, मोठी झालीस की तूच लिही.